ओट्यामागची भिंत

घराचे काम काढलेल्या माणसाने मिस्त्रीशी बोलताना एक गोष्ट प्रथम लक्षात ठेवावी. आपण जिला ‘टाइल’ म्हणतो तिला तो ‘स्टाइल’ म्हणतो. “वहिनी, स्टाइल ओट्यापासून दोनच फूट लावू, की वर छतापर्यंत नेऊ?” असे त्याने विचारले, तर तो आपल्या राहणीविषयी काही बोलतो आहे असा गैरसमज करून घेऊ नये. लोकव्युत्पत्ती शिकवताना मी आता वर्गात हेच उदाहरण देते. पोरे हसतात आणि त्यांच्या लक्षात राहते. शिवाय एकदा टाइलच्या दुकानात पाऊल टाकले की मिस्त्रीचाच शब्द खरा वाटू लागतो. तिथे टाइल नावाची वस्तू कोणी विकत नाही. जी विकतात ती स्टाइलच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास घराघरांतून रंगाचे, दुरुस्तीचे बेत निघतात आणि त्यात स्वयंपाकघराचा नंबर हटकून शेवटी लागतो. दिवाणखान्याचा पडदा बदलून होतो, पैसे संपत येतात, आणि मग आठवण होते की ओट्यामागची भिंत पिवळी पडली आहे. आमचे स्वयंपाकघर ७ फूट बाय ८ फूट. मुंबई-पुण्याकडच्या बहुतेक वाचकांना हे माप घरचेच वाटेल. एवढ्या जागेत एक माणूस पोळ्या लाटत असला, तर दुसऱ्याने फ्रिज उघडताना “सरका जरा” म्हणावे लागते. अशा खोलीत भिंतीला काय लावायचे हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. मोठ्या घरात भिंत डोळ्यांपासून लांब असते, लहान घरात ती नाकासमोर असते.

दुकानातला अनुभव सर्वांचा सारखाच असणार. छतातून दिव्यांचा लखलखाट, हजार प्रकारचे नमुने आणि अदबशीर विक्रेता. आमच्याबरोबर यजमान होते, म्हणून तो सगळे त्यांनाच दाखवी. “साहेब, ही बघा इटालियन फिनिश. साहेब, ही मोरोक्कन.” माझ्याकडे वळून एवढेच विचारी, “ताई, कलर कुठला?” इटालियन काय नि मोरोक्कन काय, दोन्ही बहुधा गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या असतात, कारण आपल्या देशातल्या बहुतेक टाइल्स तिथेच भाजल्या जातात. त्यात कमीपणा काही नाही. माल चांगला असतो. नक्षी छापण्याचे यंत्र आता इतके हुशार झाले आहे की संगमरवर, लाकूड, सिमेंट, हवे ते टाइलवर उमटते. पणजीत फॉन्तेन्यासच्या घरांवरून जी निळी-पांढरी ‘अझुलेजु’ दिसते, तिचीही नक्कल मिळते. अझुलेजु हे नाव मुळात अरबी, अर्थ घासून गुळगुळीत केलेला दगड. अरबांकडून ते पोर्तुगालात गेले आणि तिथून गोव्यात आले. एवढा प्रवास केलेली वस्तू आपल्या ओट्यामागे असावी असे कोणालाही वाटेल, आणि यजमानांना ते फारच वाटले. त्यांनी गडद निळी, दाट नक्षीची टाइल पसंत केली. विक्रेत्याने मान डोलावली. मी म्हटले, “अहो, दोन नमुने घरी नेऊ, मग ठरवू.”

१९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईंनी एक छोटे स्वयंपाकघर आखले. साधारण सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. कोणत्या कामाला किती पावले पडतात, किती वेळ लागतो हे मोजून त्यांनी एकेक कप्पा नि फळी बसवली. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी त्या काळी समजूत होती. आजच्या सगळ्या ‘मॉड्युलर’ ओट्यांची आजी म्हणजे हे फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर. गंमत अशी की, हे आखण्यापूर्वी आपण कधी संसार केला नव्हता, स्वयंपाकही केला नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगून टाकले. तरी त्यांनी निदान घड्याळ लावून मोजले. आपल्याकडे तेवढेही होत नाही. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. त्यातला मोठा भाग ओट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून. पाहुणा त्या भिंतीकडे पाहतो पाणी प्यायला आला तर अर्धा मिनिट.

आमच्या घरी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या दोघी. मी आणि सासूबाई. त्यांना अठ्ठ्याहत्तरावे लागले आहे. सकाळचा पहिला चहा, दुपारी चारचा चहा आणि आमटीची फोडणी या तीन गोष्टी त्या कोणाला करू देत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झाली आहे. वाचायला दिसते, पण अंधूक उजेडात काळ्यावर काळे ठेवले तर उमगत नाही. गेल्या श्रावणात काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उतरवून ठेवलेल्या लोखंडी कढईचा कान त्यांना दिसला नाही आणि तीन बोटे चांगलीच भाजली. त्या रात्री यजमान म्हणाले, “आई, तू आता ओट्यापाशी येत जाऊ नकोस. काय हवे ते सांग, आम्ही देऊ.” बोलण्यात माया होती, शंकाच नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होत्या. पेपर मांडीवर, उघडलेला नव्हता. चहा झाला नव्हता. पंचावन्न वर्षे सांभाळलेली चूल एका वाक्यात काढून घेतली गेली होती, आणि वाक्य बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून टाइलचा प्रश्न आमच्याकडे निव्वळ रंगाचा उरला नाही. दोन्ही नमुने मी रात्री आठ वाजता ओट्यावर, शेगडीमागे उभे करून ठेवले. गडद निळी आणि फिकट सायीच्या रंगाची. दुकानातल्या दिव्यांखाली निळी जी झळकत होती, ती आमच्या एकुलत्या ट्यूबखाली नुसती काळी दिसू लागली. ओटा काळा, मागे काळे. मधे शेगडी जणू विहिरीत ठेवली आहे. सायीची टाइल ठेवली आणि ओट्याच्या मागच्या बाजूला उजेड पडला. तेव्हा सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, ओट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही असली की मोहरी सांडलेली दिसेल.” यापेक्षा चांगली परीक्षा टाइलची दुसरी नाही. यजमानांनीही ते पाहिले आणि निळ्याचा नाद सोडला. अझुलेजु पाहायला आपण पणजीलाच जाऊ असे ठरले आहे. अजून गेलेलो नाही.

उजेडाचे पुढचे सांगून टाकते. आपल्या घरांत दिवा असतो खोलीच्या मध्यावर, छताला. ओट्यापाशी उभे राहिले की तो आपल्या पाठीमागे येतो आणि आपलीच सावली विळीवर, पातेल्यात पडते. वर कपाटे असली तर त्यांची सावली निराळी. कितीही पांढरी टाइल लावा, ही सावली जाणार नाही. कपाटाच्या तळाला पुढच्या कडेजवळ एलईडीची पट्टी लावावी, म्हणजे उजेड आपल्या हातांवर पडतो. फार पिवळा दिवा घेऊ नये, भाजीत हळद किती पडली ते कळत नाही. टाइलच्या तकाकीचेही तेच. अगदी आरशासारखी चकचकीत घेतली तर दिवा तीत चमकतो आणि वय झालेल्या डोळ्यांना तो टोचतो. अगदी खरखरीत घेतली तर फोडणीचे तेल तिच्या रंध्रांत जाऊन बसते. मधली, किंचित तुकतुकीत मिळते. दुकानदार तिला ‘सॅटिन’ म्हणतात. तीच घ्यावी.

आता हळदीकडे येते, कारण मराठी स्वयंपाकघराच्या भिंतीचा खरा शत्रू हळद. टाइलवर उडालेली हळद फडक्याने पुसून निघते. जाते ती सांध्यांत. टाइलांच्या मधल्या त्या बारीक रेघेत पांढऱ्या सिमेंटची भर असते, तिला ग्राउट म्हणतात. सिमेंट सच्छिद्र असते, तेल पिते, आणि त्याच्या अंगी चुन्याचा गुण असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकवाच्या देशात मी काय सांगावे! म्हणून नव्या पांढऱ्या सांध्यावर हळदीचे तेल उडाले की आधी पिवळा डाग आणि मग तांबूस. साबण लावला तर आणखी लाल. ऊन लागले तर हळदीचा डाग आपोआप फिका पडतो, पण ओट्यामागे ऊन कुठून आणायचे? उपाय दोन. एक, सांधे पांढरे न ठेवता राखाडी किंवा टाइलच्याच फिकट रंगाचे ठेवणे. दुसरा, शेगडीमागे तरी सिमेंटऐवजी इपॉक्सीचे ग्राउट भरून घेणे. ते तेल-पाणी पीत नाही. महाग पडते, पण लहान स्वयंपाकघराला ते लागते किती? मिस्त्री नको म्हणेल, कारण ते भराभर वाळते आणि टाइलवर सांडलेले वेळीच पुसले नाही तर दगडासारखे बसते. त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त द्यावी आणि शेजारी उभे राहून पुसून घ्यावे.

सांधे मुळात कमी असतील तर भांडणच कमी. यजमानांना निळ्याची भरपाई म्हणून मी हे गणित दिले आणि त्यांनी ते मन लावून केले. आमची ओट्यामागची भिंत ८ फूट आणि बाजूची ५ फूट, उंची २ फूट; म्हणजे २६ चौरस फूट. ४ इंची चौकोनी टाइल लावली तर २३४ लागतात आणि सांध्यांची लांबी भरते जवळजवळ १५६ फूट. १२ बाय १८ इंचांची लावली तर १८ पुरतात आणि सांधा साधारण ४३ फूट. हल्ली ‘सबवे’ नावाची ३ बाय ६ इंचांची विटेसारखी टाइल फार चालते. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या स्थानकांच्या भिंतींना ती लावली होती. नाव तिथून आले. दिसायला छान आहे, पण सांध्यांचा हिशेब ४ इंचीइतकाच, तेच १५६ फूट. रेल्वे स्थानकात कोणी कांदा-खोबऱ्याचे वाटण परतत नाही. ज्यांच्या घरी तळण आठवड्यातून एकदाच होते त्यांनी जरूर लावावी.

“पांढरट टाइल म्हणजे दवाखान्यासारखे दिसेल,” असे आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या. बरोबर आहे. दवाखाने आणि जुन्या मोऱ्या यांच्या पांढऱ्या ६ इंची टाइल्सनी त्या रंगाचे नाव खराब केले आहे. पण त्यावर तोड म्हणून दुकानदार जे ‘हायलायटर’ गळ्यात मारतात, ते मात्र घेऊ नयेत. दर चार टाइल्सनंतर एक चित्र: द्राक्षांचा घोस, वाफाळती केटली, कॉफीचा पेला, एखादा परदेशी आचारी. आपण समोर उभे राहून पिठले ढवळतो आणि तो आचारी दहा-पंधरा वर्षे आपल्याकडे पाहून हसत राहतो! रंग हवाच असेल तर तो बरण्यांना, फडक्यांना, खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीला असू द्यावा. ते बदलता येतात.

बसवण्याच्या कामात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या वेळेवर पाहाव्या लागतात. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिते. म्हणून सिमेंटात बसवण्याआधी ती पाण्यात भिजत घालतात. न भिजवता लावली तर ती सिमेंटमधले पाणी ओढते आणि पकड कच्ची राहते. विट्रिफाइड टाइल याच्या उलट. ती अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे नुसते सिमेंट तिला धरत नाही. तिला टाइलचा खास चिकटा लागतो. काही मिस्त्री टाइलच्या मागे चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे सिमेंटचे पाच गोळे थापतात आणि भिंतीवर दाबतात. मागे पोकळी राहते. वर्षा-दोन वर्षांत तिथे टाइल तडकते, आणि त्याआधी झुरळांचे बिऱ्हाड थाटले जाते. काम झाल्यावर हातात एक नाणे घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करावी. भरीव आणि पोकळ यांतला फरक नारळ घेताना ज्या कानाला कळतो त्याला इथेही कळतो. मिस्त्रीसमोरच हे करावे, मजुरी देण्याआधी.

सुरुवात कुठून करायची तेही आधी बोलून घ्यावे. ओट्यालगत आणि नजरेसमोरच्या कोपऱ्यात अख्खी टाइल यावी. कापलेला तुकडा जावा वर, कपाटाआड. नाहीतर दोन बोटांची पट्टी नेमकी समोर येते आणि जन्मभर डोळ्यांत खुपते. मिक्सरचा प्लग कुठे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र कुठे, हे टाइल लागण्याआधी ठरवून नळाचे नि विजेचे काम उरकावे. प्लग नळापासून आणि शेगडीपासून लांब असावा. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तो कोन सर्वांत नाजूक. तिथे सिमेंट भरले तर चीर पडतेच, पाणी मुरते आणि खालच्या कपाटाला ओल धरते. तिथे सिलिकॉनची बारीक पट्टी भरून घ्यावी आणि ती सुटली की पुन्हा भरावी. भिंतीच्या बाहेर आलेल्या कडेला टाइल तिरकी कापून जोडतात. दिसते सुबक, पण पातेल्याचा एक धक्का बसला की टवका उडतो. तिथे धातूची साधी पट्टी बरी.

बाकी सजावटीबद्दल सासूबाईंनी दोनच मागण्या केल्या. एक, झारा आणि पळी अडकवायला शेगडीच्या उजवीकडे, त्यांचा हात पोचेल अशा उंचीवर, खुंट्यांची एक दांडी. तिची उंची मिस्त्रीने स्वतःच्या हाताने ठरवली होती. सासूबाईंनी त्याला बाजूला करून स्वतः उभे राहून खडूने खूण केली. दुसरी मागणी कोनाड्याची होती. जुन्या घरांत चुलीच्या वर काडेपेटी आणि मीठ ठेवायला कोनाडा असे. आजची चार इंची भिंत कोरता येत नाही, म्हणून त्याच ग्रॅनाइटच्या उरलेल्या तुकड्याची पाच इंच रुंद फळी भिंतीत बसवून घेतली. तिच्यावर मिसळणाचा डबा आणि चहाची बरणी राहते. शेगडीच्या नेमकी वर ती नाही, बाजूला आहे. वर असती तर डबा काढताना पदर ज्योतीवरून गेला असता. कढई उतरवायला ओट्यावर एक जाड लाकडी पाट ठेवला आहे, फिकट रंगाचा. काळ्या कढईचा कान त्यावर स्वच्छ दिसतो.

टाइल्स १८ लागणार होत्या, फुटतुटीसाठी दहा टक्के धरून २० पुरल्या असत्या. मी २४ घेतल्या. हे मात्र प्रत्येकाने करावे. टाइलच्या दोन भाजण्यांत रंग तंतोतंत जुळत नाही, आणि दोन वर्षांनी तोच नमुना दुकानात मिळेल याची कोणी हमी देत नाही. खोक्यावर छापलेला छटेचा क्रमांक कापून उरलेल्या टाइल्सबरोबरच माळ्यावर ठेवावा. आमच्या चार माळ्यावर गेल्या. मिस्त्रीच्या हातून एकही फुटली नाही, म्हणून दोन आणखी उरल्या, त्या सासूबाईंनी मागून घेतल्या. परवा पाहते तो त्या दोन्ही ओट्यावर आडव्या. त्यांच्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर ओळीने चकल्या पाडलेल्या. त्या एकेक चकली अलगद उचलून तेलात सोडत होत्या. तेल उडत होते, नव्या भिंतीवर पिवळे शिंतोडे पडत होते. मी फडके घेऊन पुढे झाले तर म्हणाल्या, “राहू दे गं, घाणा होऊ दे आधी. दिसताहेत मला, मी पुसते.”